सहाची अकरा विभाजने

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी सोलापूरहून चेन्नईला गेले. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती देतात. अर्ज मान्य झाला की देशातल्या एखाद्या संशोधकाकडे तेवढ्या काळापुरते काम करायला मिळते. मला तरमणी येथील इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस ही संस्था मिळाली. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेला जुनी माणसे अजूनही ‘मॅटसायन्स’ म्हणतात. त्या दोन महिन्यांपैकी एकाच आठवड्याविषयी मला लिहायचे आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर जगाला आधीच माहीत आहे, तो प्रश्न पहिल्यापासून पुन्हा सोडवण्याला संशोधन म्हणावे की नाही, याविषयीचे माझे मत त्या आठवड्यात तयार झाले आणि ते अजूनही बदललेले नाही.

महाविद्यालयात आम्ही जे गणित शिकतो त्यात प्रमेयाचे विधान नेहमी आयते मिळते. प्रश्नपत्रिकेत ‘स्टेट अँड प्रूव्ह’ असे लिहिलेले असते, म्हणजे विधान लिहिणे हा पहिल्या दोन गुणांचा भाग आणि सिद्धता हा उरलेल्या गुणांचा. ते विधान कोणाला, कधी, कशामुळे सुचले असेल, त्याआधी त्याने काय काय लिहून पाहिले असेल, हे विचारायला ना वेळ असतो ना तशी पद्धत. यात शिक्षकांचा दोष आहे असे मला वाटत नाही, कारण अभ्यासक्रम मोठा आहे आणि सत्र लहान आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की गणित हे पूर्ण बांधून झालेले घर आहे आणि आपण त्यात फक्त राहायला आलो आहोत, अशी समजूत मनात पक्की होते. माझीही तशीच झाली होती.

पहिला आठवडा ग्रंथालय, ओळखपत्र, वसतिगृहातली खोली आणि वाचन यांत गेला. माझ्या मार्गदर्शक मॅडम संख्या सिद्धांतातल्या (नंबर थिअरी) आहेत. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावले आणि ४ या संख्येची सर्व विभाजने लिहायला सांगितली.

विभाजन म्हणजे एखाद्या धन पूर्णांकाची लहान-मोठ्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून केलेली मांडणी. त्यात क्रमाला महत्त्व नसते. चारची विभाजने पाच: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. पाचची सात, सहाची अकरा, दहाची बेचाळीस. इथपर्यंत शाळेतल्या मुलालाही लिहिता येतील. पुढे मात्र ही संख्या झपाट्याने वाढते. शंभरची विभाजने १९,०५,६९,२९२ आहेत आणि दोनशेची ३९,७२,९९,९०,२९,३८८. संगणक नसताना ब्रिटिश गणितज्ञ मॅकमहॉन यांनी दोनशेपर्यंतचा हा तक्ता हाताने तयार केला होता. तो तक्ता केंब्रिजमध्ये रामानुजन यांच्या हाती आला आणि त्यांना त्यात जे दिसले ते त्याआधी कोणालाही दिसले नव्हते. ४, ९, १४, १९, २४ अशा, पाचाने भागल्यावर चार बाकी उरणाऱ्या संख्यांची विभाजने ५, ३०, १३५, ४९०, १५७५ इतकी आहेत आणि या सर्वांना पाचाने निःशेष भाग जातो. सातासाठी असाच नियम ५, १२, १९ या ओळीत आहे आणि अकरासाठी ६, १७, २८ या ओळीत. १९१९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या दिवशी रात्री बाबांचा फोन आला. ‘नक्की काय करायलीस तिथं?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना चारची पाच विभाजने सांगितली आणि नंतर नऊची तीस होतात हेही सांगितले. बाबा हिशेबाचे काम करतात. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि विचारले, ‘तीसचे पाच सारखे वाटे पडतात हे कळलं. पण कुठलं कुठल्या वाट्यात जायचं, ते कोण ठरवतं?’

हाच प्रश्न १९४४ साली फ्रीमन डायसन यांनी विचारला होता. पुढे भौतिकशास्त्रात मोठे नाव मिळवलेले डायसन त्या वेळी वीस वर्षांचे होते आणि त्यांनी या प्रश्नावरचा लेख केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या ‘युरेका’ या नियतकालिकात लिहिला. रामानुजन यांच्या नियमांच्या सिद्धता उपलब्ध होत्या, परंतु त्या सूत्रांच्या आधारे केलेल्या होत्या. विभाजनांच्या एकूण संख्येला पाचाने भाग जातो हे त्यांतून कळत होते, पण ती विभाजने प्रत्यक्ष पाच समान गटांत कशी वाटावीत हे कळत नव्हते. डायसन यांनी एक अत्यंत साधा उपाय सुचवला. विभाजनातले सर्वांत मोठे पद घ्यावे आणि त्यातून एकूण पदांची संख्या वजा करावी. या फरकाला त्यांनी ‘रँक’ असे नाव दिले. चारच्या विभाजनांचे रँक अनुक्रमे ३, १, ०, उणे १ आणि उणे ३ येतात. पाचाने भागून बाकी घेतली तर ३, १, ०, ४, २, म्हणजे पाचही बाक्या एकेकदा मिळतात. पाचच्या सात विभाजनांसाठी सातच्या बाक्याही अशाच एकेकदा मिळतात. हे नेहमीच घडते असे डायसन यांनी म्हटले, पण त्यांच्याकडे सिद्धता नव्हती. ती ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी १९५४ साली दिली.

अकरासाठी मात्र हा उपाय पहिल्याच पायरीवर थांबतो. सहाच्या अकरा विभाजनांपैकी ४+१+१ चा रँक १ आहे आणि ३+३ चाही १ आहे. दोघे एकाच गटात गेले की अकरा गटांपैकी एखादा रिकामा राहणारच. येथे डायसन यांनी जे केले ते मला अजूनही थक्क करते. त्यांनी लिहिले की अकराचे काम करणारी दुसरी एखादी राशी नक्की असली पाहिजे, आणि ती राशी कोणती हे माहीत नसताना त्यांनी तिला ‘क्रँक’ हे नावही देऊन टाकले. तिच्यात कोणते गुण असले पाहिजेत हे त्यांनी सांगितले आणि ती शोधण्याचे काम पुढच्यांवर सोपवले. ते काम पूर्ण व्हायला त्रेचाळीस वर्षे लागली. रामानुजन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील परिसरात परिषद भरली होती. ती आटोपल्यावर ६ जून १९८७ रोजी तिथल्याच एका वसतिगृहात जॉर्ज अँड्र्यूज आणि फ्रँक गार्व्हन यांना क्रँक सापडला. १९८८ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

क्रँकची व्याख्या वाचताना पहिल्यांदा ती ओढूनताणून केल्यासारखी वाटते. विभाजनात एकही १ नसेल तर त्याचा क्रँक म्हणजे त्याचे सर्वांत मोठे पद. एक असतील तर ते किती आहेत हे मोजावे, त्या संख्येपेक्षा मोठी पदे किती आहेत हेही मोजावे आणि दुसऱ्या संख्येतून पहिली वजा करावी. मॅडमनी मला सहाची अकराही विभाजने लिहायला सांगून प्रत्येकाचा क्रँक काढायला लावला. ६ चा क्रँक ६, ५+१ चा ०, ४+२ चा ४, ४+१+१ चा उणे १, ३+३ चा ३, ३+२+१ चा १, ३+१+१+१ चा उणे ३, २+२+२ चा २, २+२+१+१ चा उणे २, २+१+१+१+१ चा उणे ४ आणि सहा एकांचा उणे ६. अकराने भागून बाक्या घेतल्या तर शून्यापासून दहापर्यंतची प्रत्येक बाकी नेमकी एकदा येते. मी हा तक्ता वहीत लिहिला, तेव्हा ओढूनताणून केल्यासारखी वाटलेली ती व्याख्या मला पूर्णपणे पटली. कोणत्याही स्पष्टीकरणाने ती इतकी पटली नसती.

यानंतर मॅडमनी आठवड्याचे काम सांगितले. तक्त्याकडे पाहिले तर ६ ला उणे ६, ४ ला उणे ४, ३ ला उणे ३ असे जोडीदार आहेत आणि ० एकटा आहे. दोन आणि त्यापुढच्या प्रत्येक संख्येसाठी हे खरे आहे: जितक्या विभाजनांचा क्रँक एखादी संख्या असतो, तितक्याच विभाजनांचा क्रँक तिची उणे संख्या असतो. सूत्रांत पाहिले तर ही सममिती एका ओळीत कळते. ‘मला सूत्र नको,’ असे मॅडम म्हणाल्या. ‘प्रत्येक विभाजनाला त्याचा जोडीदार हाताला धरून दाखवून दे. याचे उत्तर छापलेले आहे आणि ते कुठे आहे हे तू दोन मिनिटांत शोधू शकतेस. पण शुक्रवारपर्यंत शोधू नकोस.’

ही अट मला त्या दिवशी विचित्र वाटली. संशोधनाला आलेल्या विद्यार्थ्याला सोडवलेला प्रश्न द्यायचा आणि वर त्याचे उत्तर वाचायला मनाई करायची, यात नवे काय सापडणार, असा विचार माझ्या मनात आला. माझ्या खोलीतली मैत्रीण वरंगळची होती आणि आलेखशास्त्रावर काम करत होती. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या शेजारी लहानपण गेल्यामुळे मला कामापुरते तेलुगू येते, त्यामुळे आमची गट्टी लवकर जमली. ती त्याआधी एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिराला जाऊन आली होती. प्राध्यापक कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या त्या कार्यक्रमात विद्यार्थ्याला उत्तर सांगण्याऐवजी प्रश्नामागून प्रश्न विचारले जातात, हे तिने मला सांगितले. ‘तिथं मला पहिल्यांदा कळलं, की मला काय कळत नाही हे मला नीट सांगता येत नाही,’ असे ती म्हणाली. तिच्या या वाक्याचा मी त्या आठवड्यात पुष्कळ विचार केला.

मे महिन्यातल्या चेन्नईविषयी एवढेच सांगते, की सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसालाही तो उकाडा वेगळा वाटतो. आमच्याकडे ऊन भाजते, पण घाम वाळतो. तिथे समुद्रामुळे हवा दमट असते आणि घाम वाळतच नाही. तमिळ लोक या दिवसांना ‘अग्नि नक्षत्रम’ म्हणतात. मेसमध्ये रोज रसम, सांबार, एखादे पोरियल आणि शेवटी ताकभात मिळत असे. आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आम्ही दोघी रात्री काम करताना काढत असू, आणि वरंगळची मैत्रीण त्या चटणीला आपल्या घरच्या पोडीची बहीण म्हणत असे.

विभाजनांची जोडी लावण्याची एक पद्धत सर्वांना माहीत असते. विभाजन ठिपक्यांच्या ओळींनी दाखवायचे: ४+२ म्हणजे वरच्या ओळीत चार ठिपके, खालच्या ओळीत दोन. मग ओळींचे स्तंभ करायचे. वरून खाली मोजले तर २, २, १, १ असे ठिपके आहेत, म्हणून ४+२ चा जोडीदार २+२+१+१. याला संयुग्म विभाजन म्हणतात. यात सर्वांत मोठे पद आणि पदांची संख्या यांची अदलाबदल होते, म्हणून डायसन यांच्या रँकचे चिन्ह आपोआप उलटते. क्रँकच्या बाबतीत मात्र हे चालत नाही. ४+२ चा क्रँक ४ आहे, पण २+२+१+१ चा उणे २ आहे. ३+३ चे संयुग्म २+२+२ आहे आणि दोघांचेही क्रँक धन आहेत. तेव्हा जोडी लावण्याची रीत दुसरी असली पाहिजे.

मंगळवारी आणि बुधवारी मी सातची पंधरा, आठची बावीस आणि नऊची तीस विभाजने क्रँकसह लिहून काढली. हे काम संगणकाने क्षणात केले असते आणि प्रयोगशाळेतल्या एका मुलाने मला तसे करून देण्याची तयारीही दाखवली होती. पण हाताने लिहिताना माणूस प्रत्येक विभाजनापाशी थोडा थांबतो आणि त्या थांबण्यातच काही गोष्टी दिसतात. सहाच्या तक्त्यात क्रँक ४ आणि उणे ४ यांची जोडी पाहताना मला असे दिसले, की ४+२ आणि २+१+१+१+१ यांत २ तसाच राहिला आहे आणि चाराचे चार एक झाले आहेत. ३+३ आणि ३+१+१+१ यांतही एक ३ तसाच आहे आणि दुसऱ्याचे तीन एक झाले आहेत. २+२+२ चे २+२+१+१ झाले आहे. म्हणजे विभाजनात एकही १ नसेल तर त्याचे सर्वांत मोठे पद फोडावे आणि तेवढे एक लिहावेत. नव्या विभाजनात एकांची संख्या जुन्या मोठ्या पदाइतकी होते, आणि त्यापेक्षा मोठे पद उरणे शक्यच नाही, कारण ते पदच सर्वांत मोठे होते. म्हणून नवा क्रँक बरोबर उणे होतो. उलट दिशेनेही हे तितकेच सोपे आहे: जिथे एकांच्या संख्येपेक्षा मोठे पद एकही नाही, तिथे सगळे एक गोळा करून त्यांचे एक पद करावे. निम्मे काम इतक्या सरळ रीतीने झाले. ते वहीत उतरवताना मला जो आनंद झाला तो परीक्षेतल्या कोणत्याही गुणांनी दिलेला नव्हता.

उरलेली विभाजने कठीण होती. त्यांत किमान एक १ असतो आणि एकांच्या संख्येपेक्षा मोठे असे किमान एक पदही असते. सहाच्या तक्त्यात अशी तीनच आहेत: ५+१, ४+१+१ आणि ३+२+१. त्यांपैकी ५+१ स्वतःचाच जोडीदार आहे आणि उरलेली दोन एकमेकांची आहेत, हे क्रँकवरून कळते, पण ४+१+१ मधून ३+२+१ कोणत्या रीतीने निघते हे त्यावरून कळत नाही.

गुरुवारी दुपारी मी मॅडमच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर हीच विभाजने ठिपक्यांनी काढली. एकांच्या संख्येला मी ‘ए’ म्हटले आणि मोठ्या पदांच्या संख्येला ‘म’. प्रत्येक मोठे पद ए पेक्षा मोठे आहे, म्हणजे त्यात किमान ए अधिक एक ठिपके आहेत. म्हणून मोठ्या पदांतून म ओळींचा आणि ए अधिक एक स्तंभांचा एक पूर्ण आयत वेगळा काढता येतो. त्या आयतातले ठिपके आणि सगळे एक मिळून किती होतात हे मी फळ्यावर लिहिले: ए गुणिले म, अधिक म, अधिक ए. ए आणि म यांची जागा बदलली तरी ही राशी तीच राहते. विभाजनाच्या मधोमध सममिती बसलेली होती आणि ती पाहण्यासाठी फक्त आयत आखण्याची गरज होती.

आता उरतात दोन ढीग. एक ढीग आयताच्या उजवीकडे असतो आणि त्यात जास्तीत जास्त म ओळी असतात. दुसरा ढीग आयताच्या खाली असतो आणि त्यातली पदे दोनपासून ए पर्यंतची असतात. जागा बदलायची तर उजवीकडच्या ढिगाचे ओळींचे स्तंभ करून तो खाली न्यावा आणि खालचा ढीग तसाच उलटवून उजवीकडे न्यावा, हे लगेच सुचते. अडचण एवढीच, की उलटवलेल्या ढिगात एक असू शकतात आणि खालच्या ढिगात एक ठेवता येत नाहीत, कारण एकांची संख्या आधीच मोजून झालेली आहे. उपाय असा, की उजवीकडचा ढीग उलटवल्यावर त्यात जितके एक आले तितके काढून दुसऱ्या ढिगात घालावेत आणि मग तो दुसरा ढीग उलटवावा. त्यात जास्तीत जास्त ए ओळी होतात आणि आयताच्या नव्या मापाशी हे तंतोतंत जुळते. ४+१+१ घेऊन पाहा. ए म्हणजे दोन, म म्हणजे एक, आयतात तीन ठिपके, उजवीकडे एक ठिपका, खाली काही नाही. तो एक ठिपका उलटवला तरी एकच, म्हणून तो दुसऱ्या ढिगात जातो आणि पुन्हा उजवीकडे येतो. नव्या आयतात दोन-दोन ठिपक्यांच्या दोन ओळी आहेत, वरच्या ओळीला हा ठिपका जोडला की ३ आणि २, आणि शेवटी एक १. ३+२+१ मिळाले. नऊमध्ये ४+२+२+१ चा क्रँक २ आहे आणि त्याच रीतीने त्याचा जोडीदार ६+१+१+१ येतो, ज्याचा क्रँक उणे २ आहे. तीसही विभाजने मी अशी तपासली.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, दोन ठिकाणी ‘का?’ असे विचारले आणि उत्तर ऐकल्यावर मान हलवली. नंतर त्यांनी सांगितले की ही सममिती अशा रीतीने समजून घेण्याचे काम पूर्वी मोठ्या लोकांनी केलेले आहे आणि त्यात स्वतः डायसनही आहेत. ‘आता ते लेख वाच,’ असे त्या म्हणाल्या. ‘आता तुला त्यातला प्रत्येक शब्द का आहे हे कळेल.’

रात्री मी ते लेख उघडले आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. माझ्या आयताला तिथे वेगळे चिन्ह होते, ढिगांना वेगळी नावे होती, मांडणी कितीतरी नेटकी होती, पण प्रत्येक ओळीत काय चालले आहे हे मला आतून कळत होते. सोमवारी हेच लेख वाचले असते तर मी ते समजून घेतले असते, त्यांची टिपणे काढली असती आणि चांगले सादरीकरण केले असते. परंतु एकांचा ढीग दुसरीकडे का न्यावा लागतो हा प्रश्न मला पडलाच नसता, कारण उत्तर आधी हातात आले की प्रश्न जागा होत नाही. म्हणूनच मी असे म्हणते, की दुसऱ्यांदा शोधलेली गोष्टही ज्याने शोधली त्याच्यासाठी शोधच असते, आणि विद्यार्थ्याला संशोधन शिकवायचे तर त्याला असे काही शोध स्वतः लावू दिले पाहिजेत. नवा निष्कर्ष, छापलेला लेख, परिषदेतले प्रमाणपत्र यांची घाई आज उन्हाळी कार्यक्रमांतही शिरू लागली आहे, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. दोन महिन्यांत नवे प्रमेय देण्याच्या दडपणाखाली विद्यार्थी एखाद्या प्रश्नाची कुणालाही नको असलेली एखादी बारीक आवृत्ती सोडवतो आणि त्या विषयाचा गाभा त्याच्या हाती लागत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण त्याच शहरात आहे. रविवारी आम्ही दोघी ट्रिप्लिकेनला गेलो होतो. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी केलेले रामानुजन काही काळ त्या भागात राहत असत आणि कागद महाग म्हणून पाटीवर गणित करत असत. त्याआधी कुंभकोणममध्ये त्यांच्या हाती जॉर्ज कार यांचे एक संकलन आले होते. त्यात हजारो निष्कर्ष जवळजवळ सिद्धतेविना एकामागून एक दिलेले होते, त्यामुळे प्रत्येकाची वाट त्यांना स्वतःच काढावी लागली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रातले काही निष्कर्ष युरोपात आधीच ठाऊक होते. तरीही पुन्हा शोधण्याच्या त्या वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणणे मला पटत नाही. त्याच वर्षांतून मॅकमहॉनच्या तक्त्यात पाचाची ओळ पाहणारी नजर तयार झाली. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हेही असेच हाताने संख्या लिहीत राहणारे होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की, सर्व अंक सारखे नसतील तर, शेवटी ६१७४ येते, हे त्यांना संख्यांशी रोजचा सहवास ठेवल्यामुळेच दिसले. त्यांच्याकडे संशोधनाची पदवी नव्हती आणि त्यांच्या हयातीत बराच काळ त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणून पाहिले गेले. ट्रिप्लिकेनच्या पार्थसारथी मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्यावरून चालताना मी माझ्या मैत्रिणीला त्यांच्याविषयी सांगितले आणि तिने तिथेच रस्त्याच्या कडेला मोबाइलवर एक संख्या घेऊन ६१७४ पर्यंत जाऊन पाहिले.

त्याआधी शुक्रवारी मी हे सगळे छोट्या वर्गात फळ्यावर मांडले. श्रोत्यांत इतर उन्हाळी विद्यार्थी आणि दोन पीएच.डी. करणारे होते. बाबांचा ‘कुठलं कुठल्या वाट्यात जायचं’ हा प्रश्न मी सुरुवातीलाच सांगितला, कारण याहून नेमका मला सांगता आला नसता. शेवटी मॅडमनी विचारले, की स्वतःच स्वतःचे जोडीदार असणारी विभाजने कोणती. सहामध्ये ५+१ हे एकच आहे. आठमध्ये ७+१ आणि ३+३+१+१ अशी दोन आहेत. दहामध्ये क्रँक शून्य असूनही ४+४+१+१ स्वतःशी जुळत नाही, त्याचा जोडीदार ३+३+२+१+१ निघतो. अशा विभाजनांत ए आणि म समान असावे लागतात, म्हणून आयत आणि एक मिळून त्यांची सर्वांत लहान उदाहरणे ३, ८, १५, २४ येथे मिळतात. या सर्व संख्या पूर्ण वर्गापेक्षा एकाने कमी आहेत. तो वर्ग आकृतीत कुठे आहे, असे एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने विचारले. मी ए ओळींच्या आयताखाली ए एकांची आडवी ओळ काढली: एका कोपऱ्यातला ठिपका नसलेला चौरस तयार झाला. साध्या संयुग्मात स्वतःशी जुळणारी विभाजने आणि वेगवेगळ्या विषम पदांची विभाजने यांची संख्या समान असते, हे जुने प्रमेय आहे. या जोडीसाठी तसे काही विधान आहे का आणि असल्यास ते नेमके काय, हे पुढच्या आठवड्याचे काम ठरले. शनिवारी सकाळी मी पंधराची विभाजने लिहायला घेतली. ती १७६ आहेत.